डाव्या गुडघ्याचं दुखणं

डॉक्टरीणबाईंनी तिचा डावा गुडघा वाकवला, सरळ केला, वाटीवर अंगठा दाबून पाहिला आणि पाय हलकेच खाली ठेवला.

"याला काही झालेलं नाही. माझ्या गुडघ्यापेक्षा बरा आहे."

"जिना चढताना दुखतो."

"दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. तुम्ही नवऱ्याच्या आधी वर आलात. मी काचेतून पाहिलं."

ती शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. खोटं पकडलं गेलं की मुलं आपल्या चपलांकडे बघत उभी राहतात, हे तिला पाठ होतं. आता तीही खाली बघत होती. चपला तर बाहेर काढलेल्या.

ती उठली. दाराच्या कडीला हात लावला आणि तिथेच थबकली. दाराला लागून एक लाकडी खुर्ची होती, टेबलापासून इतकी लांब की तिथे बसून कोण काय बोलणार, असं वाटावं.

"बसा तिथेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती मी मुद्दाम ठेवली आहे. टेबलापाशी बायका मला गुडघा सांगतात, पाठ सांगतात. खरं दुखणं कडीला हात लावल्यावर सांगतात. उभ्याने किती सांगणार?"

ती बसली. तीन वर्षं पोटात होतं ते ओठावर आलं.

"मला ते नकोसं झालंय. नवराबायकोचं. इच्छाच होत नाही. आणि त्यांच्यासाठी म्हणून हो म्हटलं, तर आत आग होते, दोन दोन दिवस. त्यांना नाही म्हणवत नाही. म्हणून गुडघा."

"गुडघाच का?"

"डोकं रोज दुखतं म्हटलं तर कोण खरं मानतं? परवा मात्र नणंदेने पकडलं. म्हणे, वहिनी, काल डावा होता ना?"

"म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!" बाई हसल्या. ते हसणं आपल्यावर नाही, हे तिला लगेच कळलं. तीही हसली.

पाळी कधी थांबली? तीन वर्षांपूर्वी. अधेमधे रक्त, गाठ, असं काही? नाही. गोळ्या कुठल्या? आई गेल्यावर मन लागेना, तेव्हा एक सुरू झालेली, ती अजून चालू होती. पडद्यामागे तपासून झाल्यावर बाई तिच्याशेजारीच टेकल्या.

"पाळी गेली की आतली त्वचा पातळ होते, कोरडी पडते. ही आग त्याची. पुन्हा दुखेल म्हणून अंग आधीच आखडतं, मग इच्छा यायची कुठून? त्यात ती मनाची गोळी. तिनेही कित्येकींची इच्छा मंदावते. ती एकदम सोडू नका. त्या डॉक्टरांना मी चिठ्ठी देते, ते बदलून देतील. आतून लावायचं मलम लिहिते. गुण यायला काही आठवडे जातील. तोवर कसलीही घाई नाही. त्यांचा हात लागलेला आवडतो का?"

ती जराशी लाजली. "संध्याकाळी गुडघ्याला तेल चोळतात, तेव्हा आवडतो."

"मग तिथूनच सुरुवात करा. आणि त्यांना खरं सांगा. ते औषध मला लिहून देता येत नाही."

"गेल्या आठवड्यात त्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. गुडघ्याला धक्का नको म्हणून. तीन वर्षं फसवलं असं कळलं, तर ते अंथरूण परत आत यायचं नाही."

"सध्या कुठे आहे?"

"बाहेर."

"मग?"

बाईंनी केसपेपरवरच्या 'डावा गुडघा'वर रेघ मारली आणि खाली सगळं लिहून काढलं, त्याच सरळ अक्षरात, खोकला लिहावा तसं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमचे फार उपकार झाले."

"त्या खुर्चीचे माना."

बाहेर नवरा बाकावर तिची डावी चप्पल हातात घेऊन बसला होता. तो बुटांचा कारागीर. गुडघ्याला हादरा बसू नये म्हणून त्याने त्या चपलेत मऊ थर शिवून दिला होता. तिला पाहताच तो सवयीने खाली उकिडवा बसला.

"काय म्हणाल्या?"

"अहो, गुडघ्याला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं." मग तिने हळू आवाजात उरलेलं सांगितलं. आग, गोळी, मलम, सगळं. शेवटी म्हणाली, "तुम्ही नकोसे झाला नव्हतात."

मग त्याने चप्पल उलटी करून तळ तिच्यापुढे धरला.

"दुखऱ्या पायाची एका कडेने झिजते. तुझ्या दोन्ही सारख्या झिजतात. पहिल्याच वर्षी टाच बदलताना दिसलं होतं."

"मग रोज तेल का चोळत होतात?"

"दुसरीकडे हात लावू देत नव्हतीस," तो तळाकडे बघतच म्हणाला. "म्हटलं, गुडघा तर गुडघा."

त्याने तिच्या डाव्या पायात चप्पल चढवली. तिने उजवा पायही पुढे केला.