बाळ दाखवायचं नाही

बाळ रडलं नाही.

बुरुलकानने ते चादरीत गुंडाळलं आणि दाराकडे वळली. चौतीस वर्षं ती हेच करत आली होती. मेलेलं मूल आईला दाखवायचं नाही. झटकन उचलायचं, मागच्या दाराने न्यायचं, परत येऊन म्हणायचं, "विसरून जा पोरी, पुढच्या वर्षी दुसरं होईल."

दारात डॉक्टर मेरिम उभी होती. "थांबा, बुरुलकान एजे. आधी नाझिकला विचारू या."

मेरिम राजधानीतून, बिश्केकहून, या डोंगरातल्या प्रसूतिगृहात आली त्याला दीड वर्ष झालं होतं. ती आली आणि पाठोपाठ वरून नवा नियमही आला. मूल मृत जन्मलं तर आईला विचारायचं, बघायचंय का, जवळ घ्यायचंय का. नियम भिंतीवर लागला. बैठका झाल्या, सगळ्यांनी सह्या केल्या. पाळला मात्र कुणीच नाही. कारण बुरुलकान पाळत नव्हती. डॉक्टर यायचे, दोन हिवाळे काढायचे आणि बदली करून घ्यायचे. तिथे चालायचं ते या थोरल्या सुईणीचं. निम्म्या गावाची नाळ तिने कापली होती; सारं गाव तिला एजे, म्हणजे थोरली ताई, म्हणायचं.

"त्या कागदाला म्हणावं, एक बाळंतपण करून दाखव," ती चहा पिताना म्हणायची आणि सगळ्या नर्सेस खिदळायच्या. मेरिमला तर तिने तोंडावर सुनावलं होतं, "तू शहरातून पुस्तकं घेऊन आलीस. मी या बायांना ओळखते. मेलेलं मूल बघितलं की बाई वेडी होते. मी वाचवते त्यांना."

आता पलंगावर नाझिक कोपरावर रेलून उठली. बावीस वर्षांची पोर, ओठ पांढरेफटक पडलेले.

"एजे, मला द्या तो."

"नको गं बाळा. मग डोळ्यांपुढून हलायचा नाही."

"न बघितलेला तरी कुठे हलणार आहे?"

बुरुलकान तशीच उभी राहिली. मेरिमला वाटलं, पुढे होऊन बाळ हिच्या हातून काढून घ्यावं. तिने तसं केलं नाही. उलट ती दारातून बाजूला झाली. वाट मोकळी होती. पण बुरुलकानचं पाऊल उचललं गेलं नाही. तिने बाळ टेबलावर ठेवलं, कोमट पाणी मागवलं आणि त्याचं तोंड पुसलं. कानामागे पुसलं, बोटांच्या बेचक्यांत पुसलं, जितीजागती बाळं पुसावीत तसं. मग नेऊन आईच्या कुशीत दिलं.

नाझिकने त्याची बोटं एकेक करून उलगडली. त्याचं डोकं हुंगलं. अंगणात ताटकळलेल्या तिच्या आईला आत बोलावलं. म्हातारी पलंगाशी बसली आणि नातवासाठी शोकाचं गाणं म्हणू लागली. त्या भिंतींनी आजवर असं काही ऐकलं नव्हतं. मायलेकी पोटभर रडल्या. "कपाळ बघ आई, अगदी बाबांचं," नाझिक म्हणाली. तिने त्याचं नाव ठेवलं, एल्दोस. ती वेडी झाली नाही. तासाभराने तिनेच बाळ पुढे केलं.

"न्या आता एजे. पण हळू न्या."

नंतर मेरिम बुरुलकानला शोधत चहाच्या खोलीत गेली. बुरुलकान खिडकीशी पाठमोरी बसली होती.

"एजे, आज तुम्ही फार..."

"गप बस." बुरुलकानने हातातली चहाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "हे जर बरोबर असेल, तर मी चौतीस वर्षं काय केलं गं?"

  मेरिम खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.

त्या आठवड्यापासून नियम पाळला जाऊ लागला. त्यासाठी बैठक घ्यावी लागली नाही. बुरुलकान विचारते म्हटल्यावर सगळ्याच विचारू लागल्या. बाळ कसं पुसायचं, आईच्या हातात कसं द्यायचं, हे तीच नर्सेसना शिकवायची. चहाच्या खोलीत मात्र आता कुणी हसत नसे.

मग एका रविवारी ती बाजारात गेली. तंदूरच्या रोट्या विकणारी उपेल कोपऱ्यावर बसायची. ती दिसली की बुरुलकान पलीकडच्या गल्लीने जायची. सव्वीस वर्षं तशीच जात आली होती. त्या दिवशी ती सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अगंबाई, बुरुलकान एजे! आज वाट चुकलात की काय?" उपेल हसली आणि एक गरम रोटी पुढे केली.

बुरुलकानने हात पुढे केला नाही.

"उपेल, तेव्हा तू मला विचारलं होतंस, बाळ कसं होतं म्हणून. मी म्हणाले, मी बघितलं नाही. खोटं बोलले. मुलगी होती. केस काळेभोर, कानांवर आलेले. हनुवटी तुझी."

उपेलच्या हातातली रोटी तशीच राहिली. समोरचं गिऱ्हाईक भाव विचारत होतं, तिला ते ऐकू गेलं नाही. तिने टोपलीवर कापड ओढलं आणि बाकावर सरकून जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "अजून सांगा."