पावलांवर

आप्पा चुलीपुढं पाटावर बसले होते आणि बाळ त्यांच्या जुळवलेल्या पावलांवर होतं. धोतराचा सोगा त्यांनी त्याच्यावर ओढून घेतला होता.

"मास्तर, बाळाला नडगीवर घेत्यात," गुणाबाई म्हणाली. ती बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला यायची. आता बाळापुरतीच यायची. "पावलावर कुनी घेतंय व्हय? आन् बाप्यानं तर न्हाईच. उठा बघू."

आप्पा उठले नाहीत.

नीला उंबऱ्यात उभी होती. आईचं तेरावं कालच झालं होतं. बेळगावला जाणारी मोटर थोड्या वेळानं दारावरूनच जाणार होती. तिची स्वतःची मुलगी माजघरात झोपली होती. बाळ रडलं आणि नीलाची चोळी ओली झाली. तिनं पदर सारखा केला.

"आप्पा, शेळीचं दूध त्याला पचंना झालंय. मी घेऊन जाते."

"पेंग्विन म्हणून पक्षी आहे," आप्पा वर्गात सांगावं तसं म्हणाले. "दक्षिण ध्रुवाकडं. त्यातले काही खडे गोळा करून घरटं करतात. पण सगळ्यात थोरला जो, तो भर हिवाळ्यात बर्फावर ऱ्हातो. तिथं खडासुद्धा न्हाय. मग बापानं अंडं पावलांवर घ्यायचं, वरनं पोटाची घडी ओढायची आणि उभं ऱ्हायचं."

"बाई गेल्यापास्नं हे असंच," गुणाबाई नीलाला हळूच म्हणाली.

आप्पा नको म्हणताहेत की विनवताहेत, नीलाला कळेना. हा तिचा भाऊ. छातीशी धरल्यावर तो तिचा कोण होणार, हेही कळेना. तिनं भलतंच विचारलं.

"पिल्लू खाली पडलं तर?"

"गोठतं."

बाळाचं रडणं बारीक झालं होतं. आप्पा त्याच्याकडं बघत राहिले.

"तिथल्या अंधारात कुणाचं पिल्लू कुणाकडं, कळत न्हाय म्हणं," ते म्हणाले. "ज्याचे पाय रिकामे, तो घेतो." मग म्हणाले, "बस."

ती समोर पाय पसरून बसली. तिनं हात पुढं केले. आप्पांनी नकारार्थी मान हलवली. आपले अंगठे त्यांनी तिच्या अंगठ्यांना टेकवले आणि बाळाला दोन्ही हातांनी जपून तिच्या पावलांवर सरकवलं.

"भुईला लागू दिऊ नको."

गुणाबाई हसली, आणि लगेच तोंडाला पदर लावून न्हाणीत गेली.

नीलानं बाळाला पदराखाली घेतलं. ते चटकन प्यायला लागलं. बाहेर मोटरचा भोंगा वाजला.

आप्पांनी सोगा पुन्हा पावलांवर ओढला आणि पाय तसेच जुळवून बसून राहिले.