काळ्यावर चांदी

मातीच्या मजुरांच्या डोक्यांवर चांदी चढत होती. पोळ्याचे बैल करण्यात जन्म गेलेली गोदाबाई अंगणात फतकल मारून बसली होती आणि तिच्यापुढे फळीवर अख्खी खाण मांडलेली होती. टेकडी, रूळ, डबे, टोपल्या घेतलेल्या बाया, घण उचललेले गडी. बालाघाटच्या प्रदर्शनात खाणीच्या कंपनीला हा नमुना ठेवायचा होता. कंपनीच्या कचेरीतल्या प्रेमलालबाबूंचा हुकूम होता, प्रत्येकाच्या डोक्यावर लोखंडी टोप पाहिजे आणि तो असा चमकला पाहिजे की मंत्र्यांचे डोळे दिपले पाहिजेत. खऱ्या खाणीत टोप फक्त साहेबलोकांना, मजुरांना आपला दुपट्टा. पण मातीच्या माणसांचे लाड करायला कंपनीच्या बापाचं काय जातं!

चांदी म्हणजे अल्युमिनियमची पूड. ती अशी नुसती लावून भागत नाही. आधी काळ्या व्हार्निशाचा हात द्यायचा, तो बोटाला जरासा चिकटेल इतपत वाळू द्यायचा आणि मग पूड बोटाने घासत राहायचं. जितकं घासावं तितका आरसा होतो. खाली काळं नसेल तर तीच चांदी चुलीतल्या राखेसारखी दिसते.

पूड चाळून द्यायला शेजारी धाकटा भाऊ फकिरा होता. खाणीत वरून दगड आला तेव्हापासून त्याच्या कपाळापासून कानापर्यंत खोल वण होता आणि उन्हात उभं राहिलं की त्याला भोवळ यायची. त्याला दिवाघरात बसून कंदील पुसायचं काम मिळवून देतो, असं बाबूंनी कबूल केलं होतं. ‘नमुना झकास झाला तर,’ हे शेपूट त्याला होतंच.

पूड देता देता फकिराचा हात थांबला. घण उचललेल्या एका गड्याला टोपच नव्हता. गोदाबाईने तो मातीतच दिला नव्हता. त्याच्या उघड्या डोक्यावर, कपाळापासून कानापर्यंत, काळ्या व्हार्निशाची एक बारीक रेघ तेवढी होती.

“बाई, हे काळं काहून?”

“चांदीखाली काळं लागते,” गोदाबाई मान वर न करता म्हणाली.

फकिराचं बोट आपसूक स्वतःच्या कपाळाकडे गेलं.

इतक्यात दारात ट्रकचा भोंगा वाजला आणि प्रेमलालबाबू दोन हमाल घेऊन आत आले. नमुना पाहून एकदम खूश. “वा गोदाबाई, क्या बात है!” म्हणत ते फळीभोवती फिरले आणि त्या गड्यापाशी अडले.

“अरे, इसका टोप किधर है?”

“त्याले भेटलाच नाही जी.”

बाबूंनी मातीच्या गड्याकडे पाहिलं, मग फकिराकडे. एवढं कळायला काही शाळा शिकावी लागत नाही. त्यांचा आवाज खाली आला. “हे पाय गोदाबाई, संध्याकाळी मंत्रीजी येऊन राह्यले. एकही डोस्कं बिना चांदीचं दिसलं, तर दिवाघराची नोकरी विसरून जा. चल, लाव याले चांदी.”

राग गोदाबाईचा होता, नोकरी मात्र फकिराची होती. भावाच्या भाकरीवर आपण आपला राग काढायचा? तिने भावाकडे पाहिलं.

“तूच सांग, फकिरा.”

फकिराने डोक्याचा दुपट्टा सोडला, झटकला आणि खांद्यावर टाकला. मग पुडीची बशी बहिणीपुढे सरकवली.

“बाबू म्हणून राह्यले, तं लाव.”

“हौ जी,” गोदाबाई बाबूंना म्हणाली. “लावाचीच हाय.”

बाबूंचा जीव भांड्यात पडला. फळी कशी उचलायची ते हमालांना सांगायला त्यांनी पाठ फिरवली. गोदाबाईने बोट पुडीत बुडवलं आणि काळ्या रेघेवरून फिरवलं, कपाळापासून कानापर्यंत. पुन्हा फिरवलं. रेघ लखकन उठली. सगळ्या टोपांची चमक एकीकडे आणि तिची एकीकडे. पहाटेपासून दाबून धरलेला श्वास गोदाबाईने सोडला. तिला फार बरं वाटलं.

बाबू वळले आणि त्यांचा पारा चढला. “ये क्या किया! गेली नोकरी, समजलं?” ओरडतच त्यांनी त्या मातीच्या डोक्यावर अंगठा रगडला. ओलसर व्हार्निश पसरलं, त्याच्यासोबत चांदी पसरली. रेघेची रुंद जखम झाली. बाबूंनी आणखी जोर लावला. आता त्यांचा अंगठाही चमकायला लागला.

फकिरा उन्हात उघड्या डोक्याने ताठ उभा होता.

“घासू नका बाबू,” तो म्हणाला. “घासलं का जास्तच चमकते.”