गच्चीची किल्ली

"आत कोण?" बायकोने न्हाणीघराचं दार पुन्हा ठोठावलं.

"मीच," लिफ्टवाला आतून म्हणाला. तोंडाला साबण होता.

हा प्रश्न त्याच्याच धंद्यातला. लिफ्ट दुरुस्त करताना एकजण खाली खड्ड्यात उतरतो, दुसरा वर बटणापाशी थांबतो. वीज सुरू करण्याआधी वरच्याने हाक मारायची, "आत कोण?" नुसती टकटक ऐकून भागत नाही. माणसाचा आवाजच हवा. हे त्याने घरी इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता घराने ते त्याच्यावरच उलटवलं होतं.

साथ आली, शहर बंद झालं, कचेऱ्या ओस पडल्या आणि लिफ्टा जागच्या जागी उभ्या राहिल्या. लिफ्टवाल्याची नोकरी गेली. पाठोपाठ टीव्हीवर एका डॉक्टरांनी सांगितलं, की अशा दिवसांत नोकरी गेलेल्यांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात. आईने टीव्ही बंद केला आणि मोठ्या मुलाकडे, म्हणजे लिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

तेव्हापासून त्याचा भाव वधारला. नोकरीत असताना चहा मागूनही मिळत नसे. आता न मागता येई, आणि कप रिकामा होईपर्यंत बायको समोर बसून राही. त्याने खिडकी उघडली, की घरातल्या कोणाला तरी नेमकं त्याच खिडकीतून बाहेर बघायचं असे. गच्चीच्या दाराची किल्ली आईने कमरेला खोचली होती. तसे विचार त्याला येऊन गेले होते, नाही असं नाही. पण घटकाभर एकटं बसायची सोयच नसल्यामुळे त्यांचं काही जमलं नाही.

धाकट्या भावाचं मात्र छान चाललं होतं. त्याची नोकरी शाबूत होती. आतल्या खोलीचं दार लावून तो दिवसभर कंपनीच्या माणसांना फोन करी आणि उद्यापासून तुम्ही येऊ नका, असं गोड आवाजात कळवी. आई त्याचं ताट दाराबाहेर ठेवून पावलं न वाजवता परत येई. त्याला त्रास देऊ नका, घर त्याच्यावर चाललंय, असं सगळ्यांना बजावी. अलीकडे ताट तसंच परत येऊ लागलं होतं. कामाचा माणूस, त्याला वेळ कुठला, असं म्हणून ती ते झाकून ठेवी.

लिफ्टवाला तोंड पुसत बाहेर आला, तेव्हा ऐन दुपार होती. काहीतरी चुकत होतं. मग लक्षात आलं, की आतल्या खोलीतला गोड आवाज बंद आहे. दार उघडं होतं. टेबलावर फोन वाजत होता, वाजून थांबत होता, पुन्हा वाजत होता. शेजारी धाकट्याचं घड्याळ काढून ठेवलेलं. एरवी तो ते झोपतानाही काढत नसे.

"धाकटा कुठाय?"

"गच्चीवर," भाजी निवडता निवडता आई म्हणाली. "जरा वारा खाऊन येतो म्हणाला. दिली किल्ली."

लिफ्टवाला जिन्याकडे धावला. बायकोने पाठून त्याचा सदरा धरला. आईने भाजी टाकून दंडाला मिठी मारली. समोरच्या बिऱ्हाडातल्या गृहस्थांनी दार किलकिलं केलं आणि पुरेसं अंतर राखून त्याला धीर धरायला सांगितलं.

"मला काय धरताय? तो वर आहे."

"त्याला काय झालंय?" आई रडत म्हणाली. "त्याची नोकरी आहे."

सदरा फाटला. बाही बायकोच्या हातात राहिली. तो वर पोहोचला, तेव्हा गच्चीच्या दाराला पलीकडून कडी होती. त्याने दाराला कपाळ टेकवलं. धाकट्याला हाक मारायची होती, पण तोंडून सवयीचंच निघालं.

"आत कोण?"

 पलीकडे दूर कुठेतरी सिमेंटवर चप्पल घासली. तेवढ्यावर भागणार नव्हतं.

"आत कोण? तू बोलल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

बऱ्याच वेळाने चपला दारापाशी आल्या. कडीला हात लागला.

"मी आहे, दादा," धाकटा म्हणाला. तो आवाज अजिबात गोड नव्हता. "अजून आहे."