सुलूमावशींचा मासा

पाच दिवस मासा खात नव्हता. हेमांगीने कोलंबी बारीक चिरून टाकली, टाकीतलं खारं पाणी दोनदा बदललं, पण तो दगडाआडून हलेना. वडिलांच्या रक्तावर वाढवलेल्या या माशाच्या स्रावातूनच त्यांच्या हृदयाचं औषध निघायचं. दुसऱ्या कुणाच्या माशाचं चालत नसे. कुपीत आजचाच डोस उरला होता.

शेजारच्या सुलूमावशी स्वतःचा मासा बरणीतून घेऊन आल्या. "सोबत्याला बघून खाईल."

"मावशी, याला काही झालं तर तुमचं औषध?"

"बडबड नको. सोड त्याला."

मावशींच्या माशाने कोलंबी पकडली. तेवढ्यात दगडाआडचा मासा झेपावला आणि खाऊ लागला. हेमांगीला रडू फुटलं.

मावशी मात्र काचेला नाक लावून बघत राहिल्या. त्यांच्या माशाने तोंडातली कोलंबी टाकून दिली होती.