एकाच तालमीतले

तालमीत हयात घालवलेले केरबा वस्ताद राजारामपुरीतल्या दवाखान्यात कॅन्सरच्या औषधाच्या सुईसाठी हात पुढं करेनात. त्यांची नात मनाली प्रयोगशाळेत असलीच औषधं घडवते, म्हणून डॉक्टरांनी समजवायला तिलाच आत पाठवलं.

"आबा, ह्या औषधाला दोन हात हायत. एका हातानं ते तुमची लढाऊ पेशी धरतं, दुसऱ्यानं कॅन्सरची, आणि दोघींना भिडवतं. मैदानात पावणं पैलवानांचे हात धरून कुस्ती लावत्यात, तसं."

वस्ताद खुलले. मग एकदम थांबले.

"कॅन्सरची पेशी कुठली म्हणायची?"

"तुमच्याच अंगातली की."

"मग जमायचं न्हाय. एकाच तालमीतल्या दोघांची कुस्ती मी जन्मात लावली न्हाय. मेलो तरी लावणार न्हाय."

मनालीनं औषध मिसळलेल्या सलाईनच्या बाटलीकडं बघितलं.

"आबा, ह्यो पैलवान फुटलाय. लंगोट आपल्या तालमीचा, पण लढतोय आपल्याच विरुद्ध."

वस्तादांनी बाही वर सारली. मग नर्सला म्हणाले,



"आधी त्या बाटलीला फेटा बांधा. कुस्ती लावणारा पावणा बोडक्या डोक्यानं उभा ऱ्हात न्हाय."