बिनसाखरेचा चहा

शिंपीकाकांच्या हर्नियाचं ऑपरेशन करायचं, तर आधी साखर आटोक्यात यायला हवी होती. म्हणून डॉक्टरांनी गोळ्या थांबवून इन्सुलिन सुरू केलं. तरणी लेक गेल्यापासून घरात नवरा-बायकोचं बोलणं कामापुरतंच उरलं होतं. आता मात्र काकू रोज सकाळी त्यांचा सदरा वर करायच्या, पोटाची चिमूट धरून सुई टोचायच्या आणि त्या जागी अंगठा गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ दाबून धरायच्या.

या वेळीही रिपोर्ट वाईट आला. ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं.

“काका, चोरून काय हादडता हो? काकू, डबे कुलपात ठेवा बघू!” डॉक्टर वैतागले. “एकदा ऑपरेशन झालं की या सुईपासून सुटका. मग पुन्हा आपल्या गोळ्या.”

“साखरेचा दाणा दिसू देत नाही मी यांना,” काकू खाली बघत म्हणाल्या. काकांनी रिपोर्टची घडी घालून तो खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुई टोचून झाल्यावर काकूंनी नेहमीसारखा “बिनसाखरेचा” म्हणत चहा त्यांच्यापुढे ठेवला.

 

चहा नेहमीसारखाच गोड होता. काकांनी तो मुकाट्याने शेवटच्या घोटापर्यंत संपवला.